गवत जाळू की कापू?

दक्षिण आफ्रिकेच्या हायवेल्डवर, म्हणजे तिथल्या उंच गवताळ पठारावर, म्पुमलांगा प्रांताकडे, पाणथळ कुरण असलेल्यांना हा प्रश्न पडतोच. कारण तिथलं गवती घुबड जमिनीवरच घरटं करतं. उंच गवतात बोगदा, टोकाला दाबून केलेली बशी, तीत अंडी. वीण बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिल. त्या देशात ते असुरक्षित, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेलं, गणलं जातं.

खर्चात जाळणं स्वस्त. मात्र १९९८च्या वणवा कायद्याप्रमाणे जाळरेषा (आग पलीकडे जाऊ नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा) हवी, माणसं हवीत, वारा पडलेला हवा. कापणीला ट्रॅक्टर आणि डिझेल, वर चिखलात चाक रुतलं की दिवस गेला! चारा मिळतो, एवढंच.

घरट्याच्या दृष्टीने दोन्ही वाईट, वेळ चुकली तर. घुबड अगदी जवळ जाईपर्यंत उठत नाही, त्यामुळे कापणीच्या पात्याखाली अंडी-पिल्लं सहज जातात. आग निदान हिवाळा सरताना, म्हणजे तिथे ऑगस्टच्या सुमारास, लावता येते, तोवर बरीचशी पिल्लं उडालेली असतात. पण सगळं कुरण एकदम पेटवलं तर ना आडोसा उरतो, ना उंदीर. म्हणून तुकडे पाडून, आलटूनपालटून जाळावं. कधीच न जाळलेलं गवतही कुजट होऊन बसतं.

कोरड्या सपाटीवर चारा हवा असेल तर कापा. ओढ्याकाठच्या दलदलीत माझं मत तुकड्यातुकड्याने जाळण्याला.