भौतिकवाद मानावा, की पडताळणीवर थांबावं?

देव, आत्मा, भूतखेत यांवरचा विश्वास ढळला की दोन भूमिका समोर येतात. पुष्कळांना त्या एकच वाटतात. पहिली, म्हणजे भौतिकवाद, म्हणते, जगात जडद्रव्याखेरीज काही नाहीच. दुसरी म्हणते, जगात शेवटी काय आहे याचा निवाडा मी करत नाही, पण पडताळता येईल तेवढंच धरून चालेन. कुठलीही निवडण्याआधी हा फरक नीट पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

पहिलीचा वारसा आपल्याकडे फार जुना आहे. किण्वातून (आंबवणाऱ्या द्रव्यातून) मद उपजतो तशी पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू या चार महाभूतांच्या संयोगातून जाणीव उपजते आणि देहाबरोबर ती संपते, असं लोकायत, म्हणजे चार्वाकपंथी, सांगत. परलोकाच्या भीतीवर चालणारं सगळं कर्मकांड या एका विधानाने निराधार होतं. मला हे धाडस आजही मोठं वाटतं.

तिची अडचण ‘जड’ कशाला म्हणायचं, इथे आहे. १६८७ साली न्यूटनने गुरुत्वाकर्षण मांडलं. स्पर्शावाचून इतक्या दुरून ओढणारं बल न्यूटनचा समकालीन तत्त्वज्ञ लायब्निझला पटेना. हा तर अखंड चालणारा चमत्कार झाला, असा त्याचा आक्षेप होता. आज तेच बल शाळेत शिकवतात. विसाव्या शतकात तत्त्वज्ञ कार्ल हेम्पेलने नेमका पेच दाखवला: आजचं भौतिकशास्त्र सांगतं तेवढंच खरं म्हणावं, तर ते उद्या बदलणार, आणि उद्याचं पूर्ण शास्त्र सांगेल ते खरं म्हणावं, तर आज आपण काहीच ठोस बोललो नाही.

दुसऱ्या भूमिकेला हा पेच पडत नाही. पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून दिल्या, कुठली कोणाची ते ज्योतिषांनी ओळखायचं होतं. २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही पन्नासच्या आसपास येतात. ग्रहांचा प्रभाव जड की अलौकिक, हे ठरवण्याची गरजच पडली नाही. म्हणून मी अलौकिक त्याला म्हणेन, जिथे दावा फसला की दर वेळी नवी सबब तयार असते: श्रद्धा कमी पडली, वेळ चुकली, परीक्षा पाहिली म्हणून शक्ती निघून गेली. नुसतं अज्ञात असणं वेगळं.

समाजात काम करायचं असेल, तर दुसरीच भूमिका उपयोगी. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देवधर्माबाबत तटस्थ राहून शोषणाला विरोध केला. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही देव मानण्याला गुन्हा ठरवत नाही.

जाणिवेच्या प्रश्नावर मात्र पहिलीचं पारडं जड आहे. भूल दिली की जाणीव हरपते, मेंदूला इजा झाली की स्मृती आणि स्वभाव बदलतात. मेंदूच्या हालचालींना आतून ‘वाटणं’ का असतं, हा तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सने १९९५ मध्ये नेमकेपणाने मांडलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. पण तेवढ्यावरून देहाविना टिकणारा आत्मा सिद्ध होत नाही.

माझा कल असा: रोजच्या निर्णयांना, मुलांना शिकवायला, घरच्या श्रद्धाळू माणसांशी बोलायला पडताळणीची भूमिका घ्यावी. मृत्यूनंतर काय, असं कुणी थेट विचारलं, तर लोकायतांचं उत्तर मला अधिक संभवनीय वाटतं, आणि मी ते तसंच सांगते.