जेलो ॲप : केअरटेकरच्या बाजूने रिव्ह्यू

पुण्याजवळच्या एका निवासी संस्थेत मी केअरटेकर आहे. आमच्याकडे सगळे मोठेच आहेत, कुणाला ऑटिझम, कुणाला सेरेब्रल पाल्सी, काहींची बौद्धिक वाढ कमी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना बोलता येत नाही. जेलो म्हणजे बोलता न येणाऱ्यांनी चित्रं दाबून बोलायचं ॲप. त्याबद्दल थेरपिस्ट आणि पालक लिहितात, पण अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या माणसाने लिहिलेलं मला कुठे दिसलं नाही म्हणून लिहितेय.

ॲप आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात तयार झालंय, फुकट आहे, मराठीत चालतं. चित्र दाबलं की ॲप बोलतं. पण खरी कमाल त्या चित्रांच्या दोन्ही बाजूंच्या सहा बटणांची आहे, आवडतं, हो, अजून आणि त्याच्या उलट आवडत नाही, नको, कमी. आधी चित्र दाबायचं मग बटण, की पूर्ण वाक्य ऐकू येतं, आणि तेच बटण परत दाबलं तर तेच जरा जोर देऊन. म्हणजे माणूस नुसतं मागत नाही, त्याचं मत सांगतो.

आमच्याकडे तिशीतला एक दादा आहे, अजिबात बोलत नाही. उपमा समोर आला की ताट ढकलायचा आणि रजिस्टरला रोज एकच नोंद, "नाष्टा केला नाही, चिडचिड." चिडचिड लिहिलं की पुढे डॉक्टरांच्या व्हिजिटला तीच वाचली जाते आणि गोळीचा विषय निघतो. जेलोवर त्याने उपमा शोधून आवडत नाही दाबलं, थांबला, माझ्याकडे बघितलं, परत दाबलं. त्या दिवशीची नोंद, "उपमा नको म्हणाला, पोळी-दूध दिलं, दोन पोळ्या खाल्ल्या." औषधात काही बदल नाही केला, फक्त नाष्टा बदलला. मला विचाराल तर या ॲपचं सगळ्यात महत्त्वाचं बटण नको हेच आहे, कारण आमच्या लोकांना दिवसभर कुणीतरी उठ, बस, चल, खा म्हणत असतं, त्यांना नाही म्हणायची जागाच नसते.

आता अडचणी. ॲप मुळात लहान मुलं डोळ्यासमोर ठेवून केलंय, त्यामुळे मोठ्या माणसाच्या रोजच्या गोष्टी, दाढी, पाळी, वर्कशॉपचं काम, यासाठी आम्ही स्वतः फोटो काढून कार्ड लॅमिनेट करून जोडीला ठेवलीयेत. बॅटरी संपली तरी तीच कामाला येतात. फोनमध्ये स्क्रीन पिन करायचं सेटिंग चालू करा नाहीतर बोट घसरून युट्यूब उघडतं आणि मग परत येणं अवघड. हात जास्त थरथरत असतील तर टॅबच घ्या, फोनवर चित्रं फार जवळ येतात.

पण सगळ्यात मोठी अडचण ॲपमध्ये नाहीच. आमच्या कामात माणसं टिकत नाहीत, पगार कमी, बारा बारा तासांच्या ड्युट्या. नवीन आलेल्याला चार्ज देताना औषधं सांगतात, फिट आली तर काय करायचं ते सांगतात, हा माणूस कसा बोलतो हे कुणी सांगत नाही आणि टॅब कपाटात कुलूपबंद राहतो, तुटेल म्हणून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येत अशी पर्यायी साधनंही धरली आहेत, म्हणजे टॅब काढून घेणं हे एखाद्याचं तोंड बंद करण्यासारखंच झालं. पालकांनी हे व्यवस्थापनाला ठणकावून सांगावं.

शिकवताना हात धरून दाबायला लावू नका. आपण स्वतः बोलताना दाबायचं, "चला, पाणी पिऊया" म्हणत पाण्याचं चित्र, आणि मग थांबायचं, घाई नाही. काहींना महिने लागतात. आणि एकदा का त्याने नको दाबलं की ते ऐकायचंच, अंघोळीसारखी टाळता न येणारी गोष्ट असली तरी निदान "बरं, थोड्या वेळाने" म्हणायचं, नाहीतर दुसऱ्यांदा तो दाबणारच नाही.

पाचपैकी साडेचार. घरी केअरटेकर ठेवणार असाल तर पहिल्याच दिवशी ॲप त्याच्या हातात द्या आणि तुमच्यासमोर वापरायला लावा.