सिंगल वीव्ह ज्युदोगी: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव, नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आधीच सांगून टाकते. ज्युदो नव्याने शिकत असाल तर साधारण ४५० ग्रॅमचा, सिंगल वीव्हचा (म्हणजे एकेरी, पातळ विणीचा), पांढरा सुती गी घ्या. गी किंवा ज्युदोगी म्हणजे ज्युदोचा पोशाख, जाकीट आणि विजार. स्पर्धेतले खेळाडू घालतात तो जाड गी इतक्यात नको, आणि कपाटात पडून असलेला कराटेचा तर मुळीच नको. (हे ग्रॅम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन. स्पर्धेचा गी साधारण ६५० ते ७५० चा असतो.) मी गेले कित्येक महिने असाच गी वापरतेय.

कराटेत कपडा धरत नाहीत, म्हणून तो गी पातळ असला तरी चालतो. ज्युदोत मात्र सगळा खेळच कपडा धरून चालतो. उजवा हात समोरच्याच्या कॉलरवर, गळ्याच्या हाडापाशी, आणि डावा त्याच्या बाहीवर, कोपराजवळ. तिथून ओढून किंवा ढकलून आधी त्याचा तोल घालवायचा, ही कुझुशी. मग आत शिरून जागा घ्यायची, ती त्सुकुरी, आणि शेवटी प्रत्यक्ष फेकणं, ते काके. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेच्या घराण्यांतलं शिक्षण नव्याने बांधलं. त्यातही त्यांचा सगळा भर आधी तोल घालवण्यावर होता. हा तोल हाताला कळतो तो कापडातूनच, म्हणून गीची निवड मला महत्त्वाची वाटते.

सिंगल वीव्हचा फरक इथे जाणवतो. बाही धरताना करंगळी, अनामिका आणि मधलं बोट यांनी कापडाची चुणी मुठीत घ्यायची आणि तर्जनी जरा सैल ठेवायची, असं आम्हाला शिकवतात. या गीची बाही मुठीत सहज येते. जोडीदार पाय हलवायच्या बेतात असला की कापड एका बाजूला ताणलं जातं आणि ते बोटांना लगेच कळतं. उचिकोमी करताना, म्हणजे न फेकता तोच शिरकाव पुन्हा पुन्हा घोटताना, ही जाणीव हळूहळू पक्की होत जाते. जाड गी घातलेल्या सीनियरबरोबर रांदोरी, म्हणजे मोकळी सराव-लढत, केली की पहिल्या मिनिटातच बोटं दुखायला लागतात आणि सगळं लक्ष पकड टिकवण्यातच जातं. आता तुम्ही म्हणाल, माझ्या गीचा फायदा तर माझ्या जोडीदाराला होतो. अगदी बरोबर! पण सुरुवातीला दोघांनीही नीट धरून नीट फेकायला शिकायचं असतं. ज्याला धरताच येत नाही असा गी घालून उभं राहिलं तर दोघांचंही शिक्षण अडतं.

पहिले काही आठवडे फेकणं कमी आणि पडणंच जास्त असतं. उकेमी म्हणजे पडण्याचं तंत्र: हनुवटी छातीकडे, डोकं मॅटला लागू द्यायचं नाही, हात अंगापासून थोडा दूर ठेवून पूर्ण तळव्यासकट मॅटवर आपटायचा. मागे पडणं, बाजूला पडणं, खांद्यावरून कोलांटी घेत पुढे पडणं. कंटाळा आला तरी यात कसर करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. यात गीचा उपयोग साधा आहे. पाठीवरचं दाणेदार विणीचं कापड घाम शोषून घेतं आणि कातडी मॅटवर घासत नाही. कानोंच्या सुरुवातीच्या काळात गीच्या बाह्या आणि विजार आखूड असायच्या, त्या पुढे लांब झाल्या. कोपरं-गुडघे मॅटवर किती सोलपटतात हे पाहिलं की ही लांबी का हवी ते पटतं.

माप घेताना सावध राहा. गीचं माप सेंटिमीटरमधल्या उंचीवर असतं आणि सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतंच. माझ्या बाह्या दिसण्याइतक्या वर गेल्या. दोन मापांच्या मधे अडलात तर मोठं घ्या. गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, ड्रायरमध्ये घालू नका. ब्लीचने धागा कमकुवत होतो, तेव्हा गी जरा पिवळट झाला तरी चालेल. धुणं मात्र प्रत्येक सरावानंतर, न चुकता. तुमच्या कॉलरपाशी दुसऱ्या कोणाचं तरी तोंड असणार आहे. नखंही कापलेली हवीत. रंगीत बेल्ट पहिल्यांदा वेगळा धुवा, रंग जातो.

झीज कुठे झाली? काखेतली शिवण अजून पक्की आहे, कॉलर तर नव्यासारखीच. या दोन्ही जागा दुहेरी कापडाच्या आहेत का, हे घेतानाच बघा. विजारीचे गुडघे मात्र विरलेत. ने-वाझात, म्हणजे जमिनीवरच्या झटापटीत, सगळा भार तिथेच येतो. दुहेरी कापड असूनही वरचा थर आता जाळीदार दिसतोय. विजारीची नाडी इलॅस्टिकपेक्षा कितीतरी बरी, कारण ओढाताणीत ती जागची हलत नाही. नवी असताना कॉलर मानेला फार घासते. केसा-गातामेत, म्हणजे मान आणि हात कवेत घेऊन जमिनीवर दाबायच्या पकडीत, कोणी दाबून धरलं की चांगलीच आग व्हायची. पाच-सहा धुण्यांनंतर ती मऊ झाली आणि तो त्रास थांबला.

बायका-मुलींनी आत पांढरा टी-शर्ट घालायचा असतो. तो जरा लांब घ्या, कारण झटापटीत जाकीट बेल्टमधून हमखास बाहेर येतं. जाकिटाची डावी बाजू नेहमी उजवीच्या वर घ्यायची.

वजनदार खेळाडूंना किंवा रोज रांदोरी करणाऱ्यांना हा गी कदाचित लवकर अपुरा पडेल, त्यांनी मधल्या जाडीचा बघावा. मला विजार बदलावी लागेल, जाकीट अजून बरेच महिने चालेल असं दिसतंय. दुकानदार जाकीट-विजार सुटी देतो का, हे आधीच विचारून ठेवा, कारण दोन्ही एकाच वेळी झिजत नाहीत.