साठ तासांनंतर: २५० सीसी टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक डर्ट बाइक, कोणती किती खाते?

आठ महिन्यांत दोन्ही गाड्यांच्या अवर मीटरवर साठ-साठ तास पडलेत. दोन्ही जपानी, दोन्ही २५० सीसी. एक टू-स्ट्रोक कार्बवाली, दुसरी फोर-स्ट्रोक इंजेक्शनवाली. वापर सारखाच: पुण्याच्या आसपासचे माळ, मातीचा ट्रॅक आणि पावसाळ्यात चिखल. या गाड्यांत किलोमीटर कुणी मोजत नाही, तास मोजतात. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा मीटर बसवला नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

"टू-स्ट्रोक ऑइल पिते" हे सगळेच म्हणतात, तर आधी तोच हिशेब. ३०:१ ने (तीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) लिटरला ३३ मिली टू-टी, म्हणजे पेट्रोलमध्येच मिसळायचं टू-स्ट्रोक ऑइल. दामटून चालवली तर ताशी ४ लिटर पेट्रोल धरा. १०० तासांत ४०० लिटर पेट्रोल आणि १३ लिटरच्या वर टू-टी. गिअरबॉक्सचं पाऊण लिटर दर १० तासांनी, म्हणजे आणखी साडेसात. एकूण २१. आता फोर-स्ट्रोक: इंजिन, क्लच, गिअरबॉक्स तिघांत मिळून लिटरभरही ऑइल नाही आणि क्लच प्लेटांचा भुगा त्यातच पडतो. दर ६ तासांनी बदललं तर १०० तासांत १४-१५ लिटर, शिवाय आठ फिल्टर. फरक आहे, पण बोंब मारण्याइतका नाही. पेट्रोल टू-स्ट्रोकला जास्त लागतं, हे खरं.

प्रमाण मॅन्युअलमधलंच पाळा. केटीएमच्या कार्बवाल्या एंड्युरो गाड्यांना ६०:१ चालतं म्हणून ते इथे चालत नाही. "थोडं जास्तच टाकू, इंजिन सुरक्षित" हाही गैरसमज. ऑइल वाढलं की तेवढ्याच मापात पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्यात आपलं ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल आणखी लीन, शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग पाहायचा, आणि गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कार्बची वाटी रिकामी करायची. मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये महिनाभर ठेवू नका.

पिस्टन हा टू-स्ट्रोकचा ठरलेला खर्च. हौशी वापरात ४०-५० तासांनी पिस्टन, मध्ये एकदा रिंगा. इथे ४५ ला बदलला. पाने नीट असतील तर तीन तासांचं काम: कूलंट काढा, टाकी, सायलेन्सर, हेड, मग ब्लॉक. ब्लॉक वर उचलताच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर सर्क्लिप (पिस्टनची पिन धरणारी तारेची कडी) आत पडली की सगळं इंजिन उघडायची पाळी. नव्या पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगेची टोकं खाचेतल्या पिनेवर, सर्क्लिपा कायम नव्या. पॉवर व्हॉल्व्हवरचा (एक्झॉस्टच्या तोंडावरच्या हलत्या झडपेवरचा) कार्बनही तेव्हाच खरवडून घ्या.

एक मोठी चूक इथे होते. आरएक्स १०० वर हात बसलेले मिस्त्री सवयीने "बोअर मारून घेऊ" (सिलिंडर कातून मोठा करू) म्हणतात. या ब्लॉकला लोखंडी स्लीव्ह नसते, ॲल्युमिनियमवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ मुलामा असतो. लेथवर चढवला की मुलामा गेलाच. मुलामा शाबूत असेल तर हलका हात फिरवून नवा पिस्टन, खरवडला गेला असेल तर पुन्हा प्लेटिंग.

टू-स्ट्रोकचं बरं असं की ती आधी सांगते. क्लच बाजूचं क्रँक सील (क्रँकच्या टोकावरचं रबरी सील) गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतं आणि पांढरा धूर येतो. मॅग्नेट बाजूचं गेलं की ती हवा ओढते, ॲक्सिलेटर सोडला तरी रेस खाली येत नाही. हे दिसूनही चालवत राहिलात तर पिस्टन जाम. लांब उतारावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर पूर्ण बंद ठेवून उतरलात तरीही जाम व्हायची भीती, कारण पेट्रोल जवळजवळ बंद म्हणजे ऑइलही जवळजवळ बंद.

फोर-स्ट्रोक काही बोलत नाही. तिचं दुखणं टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या वर सोडलेल्या गॅपमध्ये. टायटॅनियमचे इनटेक व्हॉल्व्ह धुळीने झिजून सीटमध्ये खोल बसतात, त्यामुळे गॅप वाढत नाही, कमी होतो. आवाज येतच नाही, गाडी उलट जास्त गुळगुळीत वाटते. मग एक दिवस किका मारून पाय दुखतो. म्हणून दर १५-२० तासांनी, इंजिन थंड असताना, फिलर गेजने (पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजायचा. गणित सोपं: जुना शिम (गॅप जुळवायची छोटी चकती) अधिक मोजलेला गॅप वजा हवा तो गॅप. शिम १.८० मिमी, गॅप ०.०८, हवा ०.१५, तर १.७३. बाजारात १.७५ आणि १.७०. मॅन्युअलची हद्द ०.१२ ते ०.१९ असेल तर दोन्ही बसतात, १.७० घ्या, कारण गॅप पुढे कमीच होणार. थोड्या तासांत दुसऱ्यांदा शिम बदलायची वेळ आली तर व्हॉल्व्ह संपला. टायटॅनियम व्हॉल्व्ह पावडर लावून घासायचा नाही, वरचा लेप जातो.

इथे दोनदा मोजले, पहिल्यांदा ठीक, ४० तासांना एका इनटेकला शिम लागला. पिस्टन अजून तोच आहे. ऐंशीच्या आत तो आणि टायमिंग चेन एकत्रच बदलायची. सुटे भाग टू-स्ट्रोकच्या किटपेक्षा महाग, आणि दोन्हीकडचे बाहेरूनच येतात. व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर आला तर हेडसकट सगळंच; त्या एका बिलात टू-स्ट्रोकचे कितीतरी पिस्टन बसतील.

दोघींचं आयुष्य ठरतं एअर फिल्टरवर. आपला फुफाटा पिठासारखा बारीक. दोन फोम ठेवा, प्रत्येक राइडनंतर आलटून-पालटून. रॉकेलमध्ये धुवा, मग साबणपाणी, सावलीत सुकवा, फिल्टर ऑइल चोळून जास्तीचं दाबून काढा (पिळू नका, शिवण उसवते), कडेला ग्रीस. आणि इंजिनावर एवढी चर्चा करूनही जास्त पैसे टायर, चेन-स्प्रॉकेट, फोर्क सील आणि लिंकेजच्या बेअरिंगांतच गेले, दोन्हीकडे सारखे.

स्वतः पाना धरणाऱ्याने टू-स्ट्रोक घ्यावी. सेकंडहँड फोर-स्ट्रोक बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनावर हात ठेवून पाहा, मग किक मारा. आणि कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका, ऑटो डीकॉम्प्रेशनमुळे (किक हलकी व्हावी म्हणून थोडा दाब आपोआप सोडणाऱ्या सोयीमुळे) आकडा खोटा येतो. शिम कधी, कोणता बदलला ते लिहिलेलं मागा.