वांगासाठी लेप, तेल की पोटातले औषध?

चेहऱ्यावरच्या वांगासाठी आयुर्वेदिक उपाय करायचा ठरवला की पुण्यात निवड बहुधा तिघांतून होते: पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून चूर्ण आणून केलेला लेप, तयार कुंकुमादी तेल किंवा पोटात घ्यायचे औषध. त्याआधी तो डाग वांगाचाच आहे ना, हे तपासून घ्यावे. मानेवर किंवा काखेत येणारा जाडसर, मखमली काळेपणा बऱ्याचदा इन्शुलिनच्या बिघाडातून येतो आणि तो लेपाने जात नाही. आकार किंवा रंग बदलणारा तीळ तर त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवावा.

सुरुवात लेपाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि त्रास झाला तर तो लगेच धुता येतो. मंजिष्ठा आणि ज्येष्ठमध ही त्यातली मुख्य द्रव्ये. ज्येष्ठमधातील ग्लॅब्रिडिन हा घटक त्वचेचा रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) अटकाव करतो, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी आणि चेहऱ्यावर तो पूर्ण वाळण्याआधीच काढावा. घरोघरी त्यात लिंबू पिळतात, ते मात्र कटाक्षाने टाळावे, कारण लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की ती भाजल्यासारखी होऊन आणखी काळवंडू शकते. बावचीही नको, ती कोडाच्या पांढऱ्या डागांवर रंग आणण्यासाठी वापरतात, म्हणजे तिचे काम नेमके उलट आहे.

कुंकुमादी तेल कोरड्या त्वचेला मानवते. तेलकट, मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते जपून वापरावे, कारण प्रत्येक मुरूम मागे नवा डाग ठेवून जाऊ शकतो. या तेलातले मुख्य द्रव्य केशर असते आणि ते महाग असल्याने फारच स्वस्त बाटलीविषयी शंका घेणे योग्य.

सर्वांत अधिक सावधगिरी पोटातल्या औषधांबाबत हवी. ज्येष्ठमध दीर्घकाळ पोटात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, त्यामुळे रक्तदाबाचे रुग्ण आणि गर्भवतींनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. वांग गरोदरपणातच अनेकींना येतो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तपासलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. म्हणून परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसलेली पुडी घेऊ नये, आणि रास्ता पेठेतील ताराचंद रुग्णालयासारख्या ठिकाणी वैद्यांना दाखवूनच औषध सुरू करावे.

तिन्हींपैकी काहीही निवडले तरी स्कूटरवरचा पातळ स्कार्फ पुरेसा नसतो; किमान एसपीएफ 30 असलेले, शक्यतो आयर्न ऑक्साइडयुक्त रंगीत सनस्क्रीन रोज लावावे. फरक ओळखण्यासाठी दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी छायाचित्र काढावे आणि बारा आठवड्यांत काहीच बदल दिसला नाही, तर उपाय वाढवत न बसता निदान पुन्हा करून घ्यावे.