रिॲलिटीस्कॅन: भूमिती फुकटात मिळते, सावली मात्र आपल्यालाच काढावी लागते

फोटोंवरून वस्तूचं 3डी मॉडेल तयार करणाऱ्या रिॲलिटीकॅप्चर या सॉफ्टवेअरचं नाव जून 2025 पासून रिॲलिटीस्कॅन झालं. फोनवर त्याच नावाचं ॲप आहे, ते वेगळं. हा अनुभव कॉम्प्युटरवरच्या मोठ्या सॉफ्टवेअरचा आहे. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे सगळे ऋतू त्यावर काम झालंय: वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड), बारवेच्या पायऱ्या, गढीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, जाती, उखळं, पोळ्याचे मातीचे बैल. सगळं शेवटी गेममध्ये जातं, त्यामुळे नुसतं स्क्रीनवर फिरवून बघायला छान दिसतं की नाही, याला इथे फार किंमत नाही.

आधी पैशांचं बोलू. एप्रिल 2024 पासून वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना हे फुकट आहे. त्याआधी मॉडेल बाहेर काढायचं तर फोटोंच्या हिशोबाने क्रेडिट घ्यावं लागे, म्हणजे चार फोटो जास्त काढताना हात आखडायचा. ती धाकधूक संपली हा सगळ्यात मोठा फायदा. लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरात एकट्याने काम करणाऱ्याला आता सॉफ्टवेअरपायी एक रुपया घालायची गरज नाही. खर्च आहे तो ग्राफिक्स कार्डाचा. फोटो जुळवणं कुठल्याही मशीनवर होतं, पण जाळी (मॉडेलचा त्रिकोणांनी बनलेला आकार) आणि टेक्श्चर (त्यावर चढणारा रंगाचा थर) तयार करायला एनव्हिडियाचंच कार्ड लागतं, कारण ते काम त्या कंपनीच्या क्यूडा तंत्रावर चालतं. दुसऱ्या कंपनीचं कार्ड असलेला लॅपटॉप घेऊन बसलात तर जुळवणीपर्यंत पोचाल आणि तिथेच अडाल. रॅम 16 जीबी असली तरी भागतं.

आता मुख्य तक्रार, आणि तिच्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. सॉफ्टवेअर दगडाचा आकार इतका नेमका काढतं की छिन्नीचे घाव मोजता येतात. पण दगडाच्या रंगात त्या वेळचं ऊनही तसंच चिकटून येतं. वीरगळाचं उदाहरण घ्या. खाली लढाई, मध्ये वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि त्यावर चंद्रसूर्य. खालच्या पट्टीतल्या घोड्याच्या पोटाखाली कोरीव खोल असतं. सकाळी नऊच्या उन्हात फोटो घेतले की तिथे डावीकडून उजवीकडे पडलेली काळी सावली टेक्श्चरमध्ये कायमची छापली जाते. मग गेममध्ये रात्रीचा प्रसंग, मशाल उजवीकडून येतेय, आणि घोड्याखालची सावली मात्र अजून सकाळचीच. खेळणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येणार नाही, पण दगड खोटा वाटतो. ही सावली पुसायला उपयोगी पडेल असं साधन या सॉफ्टवेअरमध्ये नाही. टेक्श्चर, बेकिंग (जड मॉडेलचा बारकावा हलक्या मॉडेलवर उतरवणं), नॉर्मल मॅप (उठावाचा भास देणारं चित्र), सगळं आहे; नेमकं हेच नाही.

त्यामुळे लढाई फोटो काढतानाच जिंकावी लागते. मराठवाड्यात वर्षातले आठ महिने ऊन कडक आणि दगड काळा, म्हणजे उजेड-सावलीचा फरक टोकाचा. आषाढ-श्रावणातला ढगाळ दिवस सर्वांत चांगला. मात्र पावसाने दगड ओला असेल तर थांबा, ओला बेसॉल्ट चमकतो आणि त्याचा खरा रंगही दिसत नाही. बाकीच्या महिन्यांत सूर्य मावळल्यानंतरचा थोडा वेळ मिळतो, पण तेव्हा एफ 8 आणि आयएसओ 100 ला शटर पाव सेकंदापर्यंत उतरतं, म्हणजे ट्रायपॉड आलाच. केंद्र संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, ती आधी काढा, फाटकावर वाद घालून काही मिळत नाही.

तिसरा मार्ग स्वस्तातला आणि मला सर्वांत आवडलेला: कापड. वीरगळ चार फुटांचा असेल तर पांढरं मांजरपाट दुहेरी शिवून चार बांबूंवर ताणायचं. दगडाबरोबर आजूबाजूची दोन-तीन फूट जमीनही सावलीत आली पाहिजे, नाहीतर उन्हातल्या मातीचा पिवळा उजेड खालून दगडावर उडतो. शेतातली हिरवी शेडनेट हाताशी असते म्हणून ती लावू नका. काळा दगड हिरवट होतो, तो हिरवा सगळीकडे सारखा नसतो आणि नंतर व्हाइट बॅलन्सने निघत नाही. कापडाखाली उघड्या बाजूंनी आभाळाची निळसर झाक येते, ती सारखी असते, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या फोटोत ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) धरलं की ती निघते.

ढगाळ उजेडातही खाचांमध्ये मऊ काळोख उरतोच. तो काढायला ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमध्ये मूळ जड मॉडेलवरून कमी त्रिकोणांच्या हलक्या मॉडेलवर ॲम्बियंट ऑक्लूजन (खाचांमधल्या मऊ काळोखाचं चित्र) बेक करा, गिंप या फोटो एडिटरमध्ये रंगाच्या थरावर तो थर ठेवून मोड डिव्हाइड करा आणि ओपॅसिटी 40 ते 50 टक्के ठेवा. पूर्ण 100 ला नेलं तर खाचा राखेसारख्या पांढुरक्या होतात. उन्हाची धारदार सावली मात्र याने जात नाही. त्यासाठी ॲजिसॉफ्टचं टेक्श्चर डी-लाइटर फुकट मिळतं: मॉडेल उघडायचं, उजेडातल्या आणि सावलीतल्या भागांवर वेगवेगळ्या ब्रशने रेघा मारायच्या, बाकी तो हिशोब करतो. उपयोगी आहे, पण दगडावर दगडफुलाचे पांढरट ठिपके असतात, ते उजेड समजून तो मंद करतो. आणि जुन्या दगडाचं वय त्या ठिपक्यांतच दिसतं. म्हणून हा शेवटचा उपाय.

फोटोंचे आकडे सांगतो. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, 24 मेगापिक्सेल, 35 मिमीची लेन्स, दगडापासून एक मीटर. इथे फोटोचा एक पिक्सेल दगडावर साधारण 0.11 मिमी येतो. शेजारच्या फोटोंत 70 ते 80 टक्के भाग सामायिक हवा. पुढची बाजू, मागची बाजू, कडा आणि तिरके मिळून एका वीरगळाला 120 ते 150 फोटो लागतात. कडांवर कंजुषी करू नका. पुढून मागे वळताना दहा-पंधरा अंशांच्या टप्प्याने फोटो नसतील तर सॉफ्टवेअरला पुढची आणि मागची बाजू दोन वेगळे दगड वाटतात. एफ 8, हातात कॅमेरा असेल तर शटर 1/125 च्या खाली नको, आयएसओ 400 च्या आत. झूम आणि फोकस मधेच हलवू नका. रॉ फाइल बाहेर काढताना लेन्स करेक्शन बंद ठेवा आणि फोटो कापू नका, कारण लेन्सचा वाकडेपणा सॉफ्टवेअर स्वतः मोजतं. आधीच सरळ केलेला किंवा कापलेला फोटो दिला की तो हिशोब बिघडतो.

फोनने करायचं असेल तर एचडीआर बंद, आणि मुख्य लेन्सवरच राहील असं बघा. जवळ गेलं की बरेच फोन गुपचूप मॅक्रोसाठी दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात.

जुळवणी झाल्यावर आधी कॉम्पोनंट (एकमेकांशी जुळलेल्या फोटोंचे गट) किती झाले ते बघा. एकच मोठा हवा. दोन झाले तर सेटिंगमध्ये इमेज ओव्हरलॅप 'लो' करून पुन्हा जुळवा. तरी जुळत नसेल तर दोन्हीकडे दिसणाऱ्या तीन-चार खुणांवर कंट्रोल पॉइंट (हाताने लावलेली जुळवणीची खूण) द्या, प्रत्येक खूण दोन्ही कॉम्पोनंटमधल्या किमान दोन-तीन फोटोंत लावा. मापासाठी दगडाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून दोन पॉइंटमधलं अंतर भरलं की मॉडेल खऱ्या मापाचं होतं. हे वगळलं तर गेममध्ये दळायचं जातं बैलगाडीएवढं येतं आणि मग सगळं अंदाजाने लहान करत बसावं लागतं.

छोट्या वस्तूंबद्दल माझं मत मधेच बदललं. फिरत्या पाटावर मातीचा बैल ठेवून कॅमेरा स्थिर ठेवला की मागची भिंत प्रत्येक फोटोत तशीच राहते, सॉफ्टवेअर भिंतीला धरतं आणि बैल विस्कटतो. त्यामुळे असल्या कामाला हे सॉफ्टवेअर नको, असंच मी सांगत होतो. 2.0 आवृत्तीत पार्श्वभूमी आपोआप मास्क करायची (झाकून वगळायची) सोय आली आणि चित्र पालटलं. आता बैल उभा आणि मग आडवा असे दोन फेरे घेतले तरी मास्कमुळे दोन्ही एकत्र जुळतात, पोटाखालचा भागही येतो. शिंगांच्या टोकाशी मास्क कधीकधी टोक खातो, तेवढे फोटो तपासून घ्या. काळं मखमली कापड मागे लावायची सवय मात्र सोडू नका, मास्क त्यानेच नेमका येतो.

पितळी तांब्या आणि शेंदूर लावलेला दगड या दोन्हींत अपयश ठरलेलं, कारण चमक कॅमेऱ्याबरोबर सरकते. घरच्या तांब्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर देऊन आकार घेता येतो, रंग नंतर हाताने द्यायचा. देवाच्या दगडाला असलं काही लावायचा प्रश्नच येत नाही. तिथे लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर आणि दिव्यावर पोलरायझिंग फिल्म एकमेकींशी काटकोनात लावली की चमक मरते. उजेड दोन स्टॉपहून जास्त कमी होतो, त्यामुळे ट्रायपॉड लागतो, आणि पुजाऱ्यांना आधी विचारलेलं बरं.

आता जाळी. रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे जाळी तयार करायचं काम, हाय डिटेलवर टाकायचा मोह टाळा. नॉर्मल डिटेलमध्ये फोटो अर्ध्या मापाने वापरले जातात, म्हणजे वरच्या हिशोबाने 0.22 मिमी. गेमचं टेक्श्चर मीटरला 1024 पिक्सेल धरलं तर एक पिक्सेल जवळजवळ एक मिलिमीटरचा. चौपटीहून जास्त बारकावा आधीच हातात आहे, तो टेक्श्चरमध्ये मावणारच नाही. हाय डिटेलने वेळ, वीज आणि डिस्क जाते, पदरात काही पडत नाही. त्याच हिशोबाने चार फुटी वीरगळाचं सगळं पृष्ठफळ सुमारे सव्वादोन चौरस मीटर भरतं, आणि ते 2048 पिक्सेलच्या एका टेक्श्चरमध्ये नीट बसतं. 8के (8192 पिक्सेलचं) कशाला?

पुढचा क्रम असा: रिकन्स्ट्रक्शनची पेटी (किती भाग घ्यायचा ते ठरवणारी चौकट) दगडाला घट्ट बसवा, तरंगणारे तुकडे गाळा, मग सिम्प्लिफाय, म्हणजे त्रिकोण कमी करणं. कॉम्प्युटरवरच्या गेमला 8 ते 10 हजार त्रिकोण, साध्या अँड्रॉइड फोनसाठी दीड ते अडीच हजार. सॉफ्टवेअरचं स्वतःचं अनरॅप (टेक्श्चरसाठी मॉडेलचा पृष्ठभाग सपाट उलगडणं) वापरू नका, ते शेकडो बारीक तुकडे पाडतं आणि लांबून बघताना त्यांच्या कडांवर रेघा उमटतात. हलकं मॉडेल ब्लेंडरमध्ये नेऊन कडांवर शिवणी मारा, वीरगळाला पाच-सहा तुकडे पुरतात. मग तेच परत आत आणून टेक्श्चर रिप्रोजेक्शनने जड मॉडेलचा रंग आणि नॉर्मल त्यावर उतरवा. ही सोय खरंच उत्तम आहे, एवढ्यासाठी वेगळं बेकिंग सॉफ्टवेअर लागत नाही. फक्त बाहेर काढताना मॉडेलची माहितीफाइल जतन करायचा पर्याय चालू ठेवा आणि ब्लेंडरमध्ये मॉडेल हलवू-फिरवू नका, नाहीतर परत येताना ते जागेवर बसत नाही.

नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेल अनरिअल या गेम इंजिनला उलटा लागतो, युनिटी हे गेम इंजिन आणि ब्लेंडर यांना सुलटा. चुकला तर उठावाचं शिल्प खड्ड्यात गेल्यासारखं दिसतं. बेसॉल्टचा रफनेस (खरबरीतपणा) 0.8 ते 0.9, मेटॅलिक (धातूपणा) शून्य. रंग 255 पैकी 40 च्या खाली जाऊ देऊ नका, दगड कितीही काळा असला तरी.

शेवटी ऊन आणि लाइट. मे महिन्यात खोलीच 40 च्या वर असते, त्यात कार्ड तासन्‌तास पूर्ण भाराने चालतं. माझं कार्ड उन्हाळ्यात बंद पडलं आणि दुरुस्ती केंद्राने "जास्त वापर" हे कारण लावून वॉरंटी नाकारायचा प्रयत्न केला. पावती, सिरीयल नंबरचा फोटो आणि तापमानाची नोंद हाताशी होती म्हणून ते बदलून मिळालं. ही तिन्ही पहिल्या दिवसापासून जपा. तेव्हापासून कार्डाची पॉवर लिमिट 70 ते 75 टक्क्यांवर आहे. वेळ थोडा जास्त लागतो, पण तापमानात मोठा फरक पडतो. जड काम रात्रीच लावतो. 600 व्हीएचा यूपीएस या कामाला पुरत नाही, तो जेमतेम 360 वॅट देतो. कार्ड आणि प्रोसेसर एकदम भारात आले की लाइट जाताच तोही बसतो. किमान 1000 व्हीए घ्या, प्रत्येक टप्प्यानंतर प्रोजेक्ट सेव्ह करा, आणि कॅशे (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर सी ड्राइव्हवरून दुसऱ्या एसएसडीवर हलवा. एका वीरगळामागे ते कित्येक जीबी भरतं आणि आपोआप रिकामं होईल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.