वीज बनवणारी सायकल बंद, आरओची नळी चालू : 'इको' जिममधले आठ महिने

सायकलीचा डिस्प्ले जाऊन बारा दिवस झाले. तीच ती, वीज 'बनवणारी', जिच्या जोरावर कोथरूडच्या आमच्या जिमने दारावर हिरवं पान रंगवलं आणि माझ्याकडून वर्षाचे सोळा हजार घेतले. "पार्ट यायचाय काका." येऊ दे सावकाश. ती बंद पडून कुणाचं काहीही अडलेलं नाही.

हिशोबच बघा. माझ्यासारखा पन्नाशीचा माणूस जीव काढून साधारण शंभर वॅट काढणार. चाळीस मिनिटांचे झाले 0.07 युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी सत्तर पैसे. डोक्यावरचा दीड टनी एसी तासाला दीडेक युनिट खातो. म्हणजे तो चालवायला पंधरा जण तासभर पेडल मारत बसवा, आणि त्या पंधरा जणांच्या घामापायी दुसरा एसी लावा.

बिनमोटरच्या ट्रेडमिलला मात्र मी पहिला महिनाभर शिव्या घातल्या, त्या परत घेतो. खोलगट पट्टा, पाय मागे रेटला की फिरतो, थांबलं की थांबतो. सुरुवातीला चार मिनिटांत फेस यायचा. आता वीस मिनिटं होतात आणि गुडघाही कुरकुरत नाही. शिवाय प्लगच नाही, तर बिल कसलं? आमच्या आजोबांच्या तालमीतही वीज लागायची ती एका बल्बापुरतीच.

सकाळी साडेआठपर्यंत एसी बंद, खिडक्या उघड्या, बीएलडीसी पंखे. जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा जातो तिथे हे तीस वॅटमध्ये भागवतात. संध्याकाळच्या पोरांनी रिमोट अठरावर नेला की मी चोवीसवर आणतो. डिग्रीमागे सहा टक्के वाचतात असं ऊर्जा खात्याचं बीईईच सांगतं. पोरं मला 'चोवीस काका' म्हणतात. म्हणू देत.

पण आरओ! पाण्यातले क्षार काढणारं ते मशीन. पाणी खडकवासल्याचं, त्याला आरओ कशासाठी? अडीचशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणून नळाचं पाणी मोजलं : लिटरला 84 मिलिग्रॅम. पाचशेच्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ नकोच, असं हरित लवादाने 2019 मध्येच म्हटलंय. मशीनमागची पांढरी नळी थेट मोरीत सोडलेली. पाच लिटरचा कॅन खाली धरला, पावणेचार मिनिटांत भरला. लिटरभर पिण्याचं पाणी काढायला तीनेक लिटर मोरीत. इकडे स्टीलची बाटली आणा म्हणून पाटी, प्लास्टिकची दिसली की दहा रुपये दंड, आणि पाटीच्या बरोब्बर मागे ही धार. व्यायाम करताना माझं लक्ष आता तिकडेच असतं, सेट मोजायचे राहतात.

मालकांना मीटर दाखवला. साधा यूएफ, म्हणजे पाणी नुसतं बारीक गाळणारा फिल्टर बसवा, त्यात पाणी असं वाहून जात नाही, हेही सांगितलं. म्हणाले, "काका, आरओ म्हटल्याशिवाय मेंबर पाणी पीत नाहीत."

तेव्हापासून येताना दोन रिकामे कॅन आणतो. स्कूटर महिनाभर त्याच पाण्याने धुतोय, खालच्या मजल्यावरचा इस्त्रीवालाही फरशी पुसायला एक नेतो. रिन्यूअल मार्चमध्ये आहे. तोवर नळी अशीच राहिली तर हजार रुपये कमी देणार, असं काउंटरवरच्या मुलीला वहीत लिहून घ्यायला लावलंय.